कोरियन की हरळी? बेळगावच्या अंगणात १६ महिन्यांनंतर

जागा टिळकवाडीकडची, दोन गुंठे. रस्त्याकडच्या गुंठ्यात 'सिलेक्शन नंबर वन', म्हणजे सुधारलेली हरळी, आणि दारापुढच्या गुंठ्यात कोरियन, हेही लॉनचंच गवत. माती एकच, पाणी एकच, दोन पावसाळे झाले. पहिले सहा महिने कोरियन भाव खाऊन गेलं. त्यानंतर हरळीने सगळं व्याजासकट वसूल केलं.

नर्सरीत कोरियन 'कापायची कटकट नाही' म्हणून विकतात. ते सावकाश वाढतं एवढंच यातलं खरं. न कापता ठेवलं की वर्षभरात उशीसारखे उंचवटे येतात. पाहुण्यांना ते मखमलीसारखे दिसतात, पण बोट खुपसून बघा: वर अर्धा इंच हिरवं आणि खाली दोन इंच तपकिरी, सुकलेल्या काड्यांचा गादा. पाणी त्या गाद्यातच अडकतं, मुळांपर्यंत पोचत नाही. जुलै-ऑगस्टच्या झडीत तोच गादा दिवसेंदिवस ओला राहून बुरशीचे गोल पिवळे डाग पडतात. आणि मग वैतागून एकदम खाली कापलं तर हिरवं सगळं निघून जातं, उघड्या काड्या उरतात, त्या भरायला दोन-अडीच महिने लागतात. म्हणून पहिल्या महिन्यापासून दर १५ दिवसांनी सव्वा इंचावर कापायचं, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. ब्लेडला धार हवीच. बोथट ब्लेड पान कापत नाही, फाडतं, आणि दुसऱ्या दिवशी लॉनवर पांढरट झाक दिसते.

हरळीला पावसाळ्यात आठवड्याला एकदा मशीन लागतं, हा तिचा खरा त्रास. पण मोटारसायकल उभी करून पडलेली खळगी तीन आठवड्यांत भरून येते. कोरियनवरची तशीच खळगी अजून दिसते आहे.

दोघांना समान डोकेदुखी लव्हाळा या तणाची. शेतातून ट्रॉलीने आणलेल्या तांबड्या मातीत त्याच्या गाठी हमखास असतात. खुरप्याने वरचं तोडलं की खालच्या गाठींना नवे कोंब येतात. लॉन टाकण्याआधी माती पसरून पाणी मारायचं, १५ दिवसांत उगवलेलं गाठीसकट उपटायचं, आणि हे निदान दोनदा करायचं. इथे एकदाच केलं गेलं, त्याची शिक्षा अजून चालू आहे. नंतरचा उपाय म्हणजे उसात वापरतात ते तणनाशक, हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के. एकराला ३६ ग्रॅम या हिशेबाने गुंठ्याला एक ग्रॅमही लागत नाही, तेव्हा चमच्याच्या अंदाजाने घेऊ नका, सोनाराच्या काट्यावर मोजा. लव्हाळा पिवळा पडायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर पुन्हा फवारायची घाई नको.

सप्टेंबरात पाणी असूनही तुकडे सुकले आणि धरून ओढल्यावर लॉन सतरंजीसारखं गुंडाळलं गेलं, तर ती हुमणी, मुळं खाणारी अळी. फूटभर चौकोन तीन-चार इंच खणून मोजा. पाचाच्या वर अळ्या निघाल्या तर ओल्या मातीत मेटारायझियम, म्हणजे अळ्यांना मारणारी बुरशी, द्यायची. वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर जमतात. फांदी हलवून ते तेव्हाच रॉकेलच्या पाण्यात पाडले, तर निम्मं काम मे-जूनमध्येच उरकतं.

पाण्याचा हिशेब सोपा: उन्हाळ्यात आठवड्याला एक इंच, म्हणजे गुंठ्याला साधारण २,५०० लिटर. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा दोन हप्त्यांत खोल द्यावं. युरिया हरळीला वाढीच्या महिन्यांत गुंठ्याला एक किलो, कोरियनला त्याच्या निम्मा. कोरड्या पानावर टाकून लगेच पाणी मारायचं, नाहीतर ठिपके जळतात. झडीच्या दिवसांत टाकलेला युरिया सरळ गटारात जातो. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार झाल्या की दोन्ही गवतं मलूल होतात. त्याला खत हे औषध नव्हे, फेब्रुवारीत उन्हाबरोबर रंग आपोआप परततो.

आंब्याखाली मात्र दोन्ही नापास, त्यातल्या त्यात हरळी आधी. तिला सहा तास तरी थेट ऊन पाहिजे. तिथे रुंद पानाचं कार्पेट ग्रास लावावं, दिसायला जाडंभरडं पण सावलीत टिकतं. गणपतीत दूर्वा हव्या असतील तर हरळीची कड हातभर न कापता सोडा, मशीनखालच्या हरळीला धड कोंब मिळत नाहीत.

येत्या मेअखेर कोरियनचा पायवाटेकडचा पट्टा उचलून तिथे हरळीच्या काड्या लागतील: चार-चार इंचांवर, दोन गाठी मातीत आणि शेंडा वर, मग हलका रोलर, आणि पाऊस लागेपर्यंत दिवसातून दोनदा पाणी. तयार लॉनच्या लाद्यांचे पैसे वाचतात, दीड-दोन महिन्यांत जमीन झाकते. जोराचा पाऊस सुरू झाल्यावर लावलेल्या काड्या मात्र उताराला वाहून जातात, त्यामुळे जूनचा पहिला आठवडा ही शेवटची मुदत.