बसायच्या थंडीचे कपडे

शिकाऱ्यांसाठी शिवलेले कपडे मी गेले काही हिवाळे वापरतेय, आणि आयुष्यात झुरळाखेरीज कशाची शिकार केलेली नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला. त्यामुळे डेकॅथलॉनचा शिकारीसाठीचा जो ब्रँड आहे, सोलोन्याक, तो भारतात पक्षीनिरीक्षण आणि जंगलभटकंतीच्या नावाने विकला जातो. नाव काहीही द्या, गरज तीच. अंधारात चालत जायचं, मग एका जागी दगडासारखं बसून राहायचं, आवाज करायचा नाही आणि गारठायचंही नाही.

मी त्रेपन्न वर्षांची, उंची पाच फूट एक इंच, राहायला पुण्यात, सहकारनगरला. आठवडाभर एका कंपनीत जीएसटीची रिटर्न्स भरते आणि सुट्टीला कॅमेरा घेऊन भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीतून पक्षी टिपायला, नाहीतर सासवडच्या माळावर लांडग्यांसाठी जाते. दर नोव्हेंबरात कुणीतरी नवा भिडू विचारतो, "ताई, कुठलं जॅकेट घेऊ?" एकच जाड जॅकेट घेऊ नका, एवढंच खरं उत्तर आहे. पण तेवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून आतल्या थरापासून बाहेरच्यापर्यंत सगळं सांगते.

"पुण्यात कसली आलीय थंडी" म्हणणाऱ्यांसाठी आधी एक आकडा. १७ जानेवारी १९३५ ला पुण्याचं तापमान १.७ अंशांवर उतरलं होतं. आता तसं होत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत नऊ-दहा अंश नेहमीचे, आणि उघड्या माळावर किंवा उजनीच्या पाण्यावर पहाटेचा वारा सुटला की ते नऊ अंश अंगाला पाच-सहा वाटतात. माझा नवरा घरात पंखा लावून झोपतो आणि मला सांगतो की स्वेटर पुरे. तो एकदाही होडीत बसलेला नाही.

ट्रेकवाले सांगतात ते कपडे आपल्याला अर्धेच लागू पडतात. पहाटे सिंहगड चढणारा माणूस टी-शर्टवर चढतो आणि त्याचं बरोबरच आहे, कारण चढताना शरीर बसल्याच्या कितीतरी पट उष्णता तयार करतं. आपण मात्र लेन्स आणि ट्रायपॉड पाठीवर घेऊन अर्धा तास चालतो, छान घामेजतो, आणि नंतर तीन तास हलत नाही. आतला कपडा ओला असेल तर तिथेच खेळ संपला, कारण पाणी उष्णता हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. गाडीतून उतरताना थोडं कुडकुडलं पाहिजे. उतरतानाच उबदार वाटत असेल, तर बसल्यावर हमखास गारठणार. जाड कपडा अंगावर नको, पिशवीत हवा. आणि तो पिशवीत राहायचा असेल, तर हलका हवा.

पैसे सगळ्यात आधी आतल्या थरावर घाला, जो कुणाला दिसत नाही. लक्ष्मी रोडला, तुळशीबागेच्या आसपास जे थर्मल मिळतं, त्यात बहुतेक सुती मिश्रण असतं. रात्री झोपायला ते उत्तम, आईसाठी मी दरवर्षी तेच नेते. पण सूत घाम पितं आणि धरून बसतं. मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा धागा इतका बारीक असतो की टोचत नाही, वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल शोषूनही अंगाला ओला लागत नाही, आणि मुख्य म्हणजे चार दिवस घातला तरी वास मारत नाही. पूर्ण बाह्यांचा एक टी-शर्ट तीन हजारांच्या घरात जातो. तो आकडा ऐकून माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने "लोकरीचा बनियन, तीन हजार?" असं जे तोंड केलं, ते मी समजू शकते. पॉलिएस्टरचा थर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात येतो आणि वाळतो भराभर. फक्त सकाळी नऊनंतर तुमच्या शेजारी कुणी बसत नाही. भिगवणला एका सकाळीपुरतं जायचं असेल, तर पॉलिएस्टर पुरे. माझ्याकडे दोन्ही आहेत. कोणतंही घ्या, अंगाला चिकटून बसेल असं घ्या. ढगळ थर्मल म्हणजे फुकट गेलेले पैसे.

मधला थर फ्लीसचा, म्हणजे लोकरीसारख्या मऊ पॉलिएस्टर कापडाचा, आणि शिकाऱ्यांच्या कपड्यांचं खरं कौतुक इथे आहे. ट्रेकिंगचं फ्लीस आणि हे फ्लीस दिसायला भाऊ-भाऊ. पण शिकारीच्या फ्लीसचा बाहेरचा पृष्ठभाग घासून मऊ केलेला असतो. हात वर नेला, मान वळवली, फांदीला बाही घासली, तरी आवाज नाही. नायलॉनचं जॅकेट घालून हात हलवला की सर्रकन आवाज होतो, आणि सासवडच्या माळावर लांडगा तो आवाज तुमच्या आधी ऐकतो. मी घेतलंय त्याच्या छातीच्या खिशात फोन आणि लेन्स पुसायचं फडकं मावतं, कॉलर हनुवटीपर्यंत येते, रंग वाळक्या गवताचा. दोनशे जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला दोनशे ग्रॅमच्या, आसपासचं फ्लीस आपल्याकडे पुरतं. तीनशेचं उबदार असतं, पण पिशवीत निम्मी जागा खातं. फ्लीसने वारा मात्र अजिबात अडत नाही, हे कुठलाही विक्रेता आपणहून सांगत नाही.

बायकांसाठी इथे रडकथा आहे. शिकारीच्या धाटणीचे बहुतेक कपडे पुरुषांच्या अंगाने शिवले जातात, त्यामुळे माझ्यासारखीला पुरुषांचा सगळ्यात छोटा साइज घ्यावा लागतो आणि बाह्या बोटांच्या पुढे जातात. त्या बाह्या मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून आखूड करून घेतल्या. त्याच फेरीत मनगटाचा वेल्क्रो काढून प्रेस बटणं लावली, कारण शांत माळावर वेल्क्रो उघडला की खर्रकन आवाज पार पलीकडच्या बांधापर्यंत जातो. "मॅडम, नव्या जॅकेटचा चांगला वेल्क्रो का उसवताय?" असं शिंप्याने दोनदा विचारलं. लांडग्याचं नाव काढल्यावर मात्र त्याने पैसे कमी घेतले.

फ्लीसवर पैसे खर्चायचे नसतील, तर रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार गाठा. सैनिक घालतात त्या ऑलिव्ह रंगाच्या लोकरी जर्सीसारख्या जर्सी तिथे हटकून सापडतात. जड असतात, टोचतात, पण उब पक्की आणि आवाज शून्य. कोपर आणि काख उजेडात धरून बघा, कसर लागलेली असते. भाव करायची लाज वाटत असेल, तर बरोबर आईला न्या.

वरचा फुगीर थर म्हणजे पिसांचं जॅकेट, ज्याला सगळे पफर म्हणतात. हा थर चालताना घालायचाच नाही. जागेवर पोचलात, ट्रायपॉड लावला, दोन मिनिटं थांबून घाम विरू दिला, की मग पिशवीतून काढून घालायचा, बाकी सगळ्यावर. त्यामुळे नेहमीपेक्षा एक साइज मोठा घ्या. आत फ्लीस दाबलं गेलं, तर दोन्ही थरांतली हवा जाते, आणि ऊब त्या अडकलेल्या हवेचीच असते. लेबलवर ६००, ७००, ८०० असे जे आकडे असतात, ते पिसं किती फुलतात याचे. आकडा मोठा, तर तेवढ्याच उबेला वजन कमी. डेकॅथलॉनच्या फोर्क्लाझचं माझं जॅकेट स्वतःच्याच खिशात कोंबलं की नारळाएवढं होतं.

पण भिगवणच्या होडीत मी ते नेत नाही. पिसं ओली झाली की लगदा होतात आणि ऊब जाते. होडीत पाणी उडतं, धुकं असतं, रोहित पक्ष्यांच्या नादात कुणीतरी वल्ह्याने अंगावर शिंतोडे उडवतंच. तिथे कृत्रिम भरणाचं जॅकेट बरं, थोडं जड आणि मोठं असलं तरी दमट झाल्यावरही ते काम करत राहतं. एकच घ्यायचं असेल आणि हिमालयात जायचा बेत नसेल, तर कृत्रिमच घ्या. स्वस्तही पडतं. एक गोष्ट दोन्हीत वाईट. वरचं कापड गुळगुळीत असल्यामुळे आवाज करतं. त्यावर उपाय म्हणून मी पफर आधी घालते आणि वरून एक जुना, ढगळ सुती शर्ट चढवते. विनोदी दिसतं. पट्टकदंब हंसांनी आजवर तक्रार केलेली नाही.

वारा अडवायला पातळ विंडचीटर लागतो, मुठीत मावेल असा. दुचाकीवरचा पावसाळी रेनकोट नेऊ नका. आतून घामाचं पाणी सुटतं आणि मघाशी सांगितलेलं सगळं वाया जातं. कडबनवाडी किंवा शिर्सुफळच्या गवताळ सफारीला उघड्या गाडीतून जाणार असाल, तर या पातळ थराशिवाय निघूच नका. तिथे चालणं नसतंच, नुसता वारा.

रंगाबद्दल फार बोललं जातं. चट्टेरीपट्टेरी लष्करी नक्षीचा मोह आवरा. एक तर लष्कराने १५ जानेवारी २०२२ ला जो नवा गणवेश आणला, त्याच्या नक्षीचं कापड बाजारात विकायला परवानगी नाही, आणि पुण्यासारख्या छावणीच्या शहरात नसत्या चौकशीला तोंड द्यायची हौस कुणाला? दुसरं, पक्षी आणि प्राणी रंगापेक्षा हालचाल आधी टिपतात. साधा मातकट, शेवाळी, खाकी पुष्कळ झाला. त्याहून महत्त्वाचा आहे धुण्याचा साबण. पांढरेशुभ्र, चमकदार करणाऱ्या पावडरींमध्ये जी चकाकी आणणारी द्रव्यं असतात, ती अतिनील प्रकाशात निळसर उजळतात, आणि ती चकाकी प्राण्यांच्या नजरेत येऊ शकते. परदेशातले शिकारी म्हणूनच वेगळा साबण वापरतात. मी रिठ्याच्या पाण्यात धुते. लोकरीलाही ते मानवतं.

पायांचं थोडक्यात. आत पातळ थर्मल, वर फ्लीसचं अस्तर नसलेली सैलशी पॅंट, बस. जीन्स नको. मोजे लोकरीचे, आणि बूट इतपत सैल की आत बोटं हलली पाहिजेत. दोन मोजे कोंबून बूट घट्ट केलात, तर पाय आणखी गार पडतात. हातमोजे असे, ज्यांची बोटांची टोपी मागे उलटते, नाहीतर शटर दाबताना दर वेळी काढायचे आणि गवतात हरवायचे. डोक्याला मात्र काहीही फॅन्सी नको. माकडटोपी. कान, मान, हनुवटी सगळं झाकणारी याहून हलकी वस्तू मला अजून कुठल्याच ब्रँडने दाखवलेली नाही. थंडीत तिबेटी स्वेटरवाले बसतात त्यांच्याकडून करडी घ्या, भगवी नको.

आणि बुडाखाली काय? हजारोंचे कपडे घालून लोक गार दगडावर बसतात, आणि दवाने ओल्या जमिनीतून सगळी उष्णता खाली निघून जाते. बोहरी आळीत पॅकिंगचा जाड फोम शीटवर मिळतो. दीड फुटाचा चौकोन कापून घ्या. चहाच्या दोन-चार कपांच्या पैशात, वजन नाहीच, आणि या संपूर्ण यादीत रुपयामागे सगळ्यात जास्त ऊब देणारी वस्तू तीच.

हाच संच मी फेब्रुवारीत स्पितीतल्या किब्बरलाही नेला होता, हिमबिबट्यासाठी. सव्वाचार हजार मीटरच्या आसपासचं गाव, रात्री उणे वीसच्याही खाली. आतले दोन थर आणि पिसांचं जॅकेट तिथेही जसेच्या तसे चालले. पण दुपारी ऊन गेल्यावर कड्यावर दुर्बीण लावून बसायचं, तर वरून गुडघ्यापर्यंतचा जाड कोट आणि बर्फाचे बूट लागतातच. ते मी भाड्याने घेतले. वर्षातून एकदा लागणारी ती चीज पुण्याच्या कपाटात अकरा महिने ठेवून काय करायचं? तिथला माझा वाटाड्या घरच्या लोकरीचं विणलेलं घालून माझ्यापेक्षा सुखात होता, हेही सांगायला हवं.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, तर मेरिनो, फ्लीस, पफर आणि विंडचीटर मिळून सव्वा किलोच्या आत आलं. जुन्या एकुलत्या एक जाड कोटाहून कमी. सगळं एकदम घेतलं, तर बारा-तेरा हजारांचा फटका आहे. म्हणून एका हिवाळ्यात आतला थर आणि फ्लीस, पुढच्या हिवाळ्यात पफर, असं करा. पहिल्या वर्षी पफरच्या जागी घरातली शाल चालते, गंमत नाही, खरंच चालते, आणि आवाजही करत नाही.

पावसाळ्यात पफर त्याच्या छोट्या पिशवीत दाबून ठेवू नका, पिसं पुन्हा फुलत नाहीत. हँगरला मोकळं टांगा. मेरिनोला कसर लागते, पण डांबरगोळ्या टाकू नका, त्यांचा वास हिवाळ्यापर्यंत जात नाही आणि माळावर वारा तुमच्याकडून लांडग्याकडे वाहत असेल, तर परत घरी यायचं. मी कडुलिंबाचा वाळवलेला पाला जुन्या रुमालात बांधून स्टीलच्या डब्यात मेरिनोबरोबर ठेवते, आणि गणपतीनंतर एकदा सगळं बाहेर काढून ऊन दाखवते.