एकट्याने खेळायचे पूलचे चार सराव-खेळ: पोझिशन नेमकी कोण शिकवतो?

गेले वर्षभर आठवड्यातून दोन दुपारी मी एकट्याने टेबल घेऊन पूलचा, म्हणजे क्यूने (लांब काठीने) पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल टेबलाच्या पॉकेटमध्ये पाडण्याच्या खेळाचा, सराव केला आणि पोझिशन (पुढच्या फटक्यासाठी पांढरा नेमका हवा तिथे थांबवणे) व नियोजन सुधारण्यासाठी जाणकार खेळाडू जे खेळ सुचवतात त्यांपैकी चार खेळ, प्रत्येक डावाचे गुण वहीत लिहून ठेवत, खेळून पाहिले. हे परीक्षण त्या खेळांचे आहे. खेळ फुकट असले तरी टेबल फुकट नसते, त्यामुळे ताशी भाडे भरणाऱ्याला एका तासात कोणता खेळ किती देतो, या दृष्टीनेच मी त्यांच्याकडे पाहिले. माझी कसोटी एकच होती. बॉल पॉट करणे, म्हणजे पॉकेटमध्ये पाडणे, प्रत्येक खेळ शिकवतोच. पण पॉट झाल्यावर पांढरा कुठे थांबायला हवा आणि तो तिथेच का थांबायला हवा, हे खेळणाऱ्याला कोणता खेळ विचारायला लावतो?

या कसोटीवर सर्वांत वर मी ‘घोस्ट’ला, म्हणजे अदृश्य प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या खेळाला ठेवतो आणि तोही तीन बॉलचा. नियम अगदी साधे आहेत. १, २ आणि ३ क्रमांकाचे बॉल टेबलावर सहज फेकायचे, पांढरा हवा तिथे ठेवायचा आणि क्रमाने तिन्ही पॉट करायचे. तिन्ही पडले तर डाव आपला, एक जरी चुकला तर डाव घोस्टचा, आणि आधी सात डाव जिंकणारा सामना जिंकतो. घोस्ट कधीच चुकत नाही, हीच या खेळाची खरी ताकद आहे. पहिल्या दिवशी मी २-७ असा हरलो, आणि तीन बॉल म्हणजे काहीच नाही हा माझा समज त्याच दुपारी गेला.

हा खेळ काय शिकवतो ते एका मांडणीवरून स्पष्ट होईल. १ नंबरचा बॉल डावीकडच्या मधल्या पॉकेटपासून वीतभर अंतरावर आहे, २ नंबरचा समोरच्या उजव्या कोपऱ्याजवळ, आखूड कुशनपासून (टेबलाच्या आखूड बाजूच्या रबरी कडेपासून) जेमतेम बॉलभर सुटा आहे आणि ३ नंबरचा अलीकडच्या डाव्या कोपऱ्यात आहे. पांढरा हातात असल्यामुळे १ सहज पडतो. मी पहिले कित्येक आठवडे इथे एकच चूक करत होतो. २ वरचा फटका सोपा जावा म्हणून मी १ जोरात खेळायचो, पांढरा टेबलाच्या पलीकडच्या टोकापर्यंत, जवळजवळ आखूड कुशनला टेकेल इतका न्यायचो आणि जवळ पोहोचल्याचे समाधान मानायचो. तिथून २ अगदी सरळ मिळत असे, पण सरळ फटक्यात पांढऱ्याला जायला वाटच उरत नाही. त्याला पूर्ण टेबल ओलांडून ३ कडे आणायचा तर जोरदार स्क्रू (पांढऱ्याला मागे खेचणारा फटका) मारावा लागतो आणि दहातल्या सात वेळा तो फसतो. योग्य उत्तर कमी जोराचे आहे. पांढरा १ च्या किंचित अलीकडे ठेवून हलक्या स्टनने (पांढरा न गडगडता घसरत लागेल अशा फटक्याने) खेळला, तर तो फक्त दीड-दोन फूट पुढे सरकून थांबतो. तिथून २ वर चांगला कट, म्हणजे तिरका कोन, राहतो, पांढरा २ ला लागून समोरच्या आखूड कुशनवर आदळतो आणि आपल्याच गतीने ३ च्या दिशेने खाली येतो. पोझिशन म्हणजे पुढच्या बॉलच्या जवळ जाणे नव्हे, तर पुढच्या बॉलवर असा कोन ठेवणे की त्यातून तिसऱ्या बॉलची वाट उघडेल, हे मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा या तीन बॉलनी पक्के समजावले.

याच खेळात पांढऱ्याच्या वाटेचा अंदाज बांधण्याचीही सवय लागते. पांढरा घसरत जाऊन स्टनने लागला, तर तो ऑब्जेक्ट बॉलच्या (ज्याला पांढरा लागतो त्या बॉलच्या) दिशेशी काटकोन करून निघतो. नैसर्गिकपणे गडगडत जाऊन पाव ते पाऊण बॉलच्या जाडीने (समोरच्या बॉलचा तेवढा भाग झाकत) लागला, तर तो आपल्या मूळ दिशेपासून साधारण ३० अंश वळतो. तर्जनी आणि मधले बोट आरामात फाकवले की जवळपास तेवढाच कोन होतो, आणि मी आजही प्रत्येक डावाआधी हात टेबलावर धरून ती वाट पाहतो. सलग तीन सामने जिंकल्यावर मी चौथा बॉल वाढवला, आणि वर्षाच्या शेवटी मी पाच बॉलवर अडलो आहे.

बोलियार्ड्स या खेळाला माझ्या लेखी दुसरा क्रमांक आहे. दहा बॉलचा रॅक (त्रिकोणात लावलेले बॉल) पहिल्या फटक्याने, म्हणजे ब्रेकने, फोडायचा, ब्रेकमध्ये पडलेले बॉल परत टेबलावर ठेवायचे आणि पांढरा ब्रेकच्या रेषेमागे घेऊन कोणताही बॉल कोणत्याही पॉकेटमध्ये, आधी ठरवून, पॉट करत जायचे. बोलिंगप्रमाणे दहा डाव असतात, प्रत्येक डावात दोन संधी मिळतात, पहिल्याच संधीत दहाही पडले तर स्ट्राइक मिळतो आणि सर्वोच्च गुण ३०० होतात. माझे गुण ८८ पासून १४६ पर्यंत चढले. चिकटून राहिलेले बॉल कधी फोडायचे, हा निर्णय हा खेळ फार चांगला शिकवतो: हाताशी एक सोपा बॉल राखून असतानाच, म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच, पुंजका फोडावा, शेवटच्या तीन बॉलांपर्यंत तो तसाच ठेवला तर डाव तिथेच संपतो. मात्र क्रमाचे बंधन नसल्यामुळे अवघड पोझिशन टाळून सोप्या बॉलकडे वळण्याची पळवाट यात कायम उघडी असते, आणि मी ती बऱ्याचदा वापरली, हे वहीतल्या आकड्यांत दिसत नाही.

इक्वल ऑफेन्स त्याच घराण्यातला आहे. पंधरा बॉल, दहा डाव, एका डावात जास्तीत जास्त वीस गुण, एकूण २००. मित्राशी स्पर्धा करायची असेल तर तो उत्तम आहे, पण एकट्याला तो बोलियार्ड्सपेक्षा फारसे वेगळे काही देत नाही.

स्ट्रेट पूल, म्हणजेच १४.१, हा खेळ मात्र स्वतंत्रच आहे आणि नियोजन शिकायचे असेल तर त्याला पर्याय नाही. यात पंधरापैकी चौदा बॉल पॉट करायचे, पंधरावा जागेवर ठेवायचा, त्या चौदांचा पुन्हा रॅक लावायचा आणि त्याच एका उरलेल्या बॉलला पॉट करताना पांढऱ्याने नवा रॅक फोडायचा. त्यामुळे टेबलाचा विचार शेवटाकडून सुरू करावा लागतो: कोणता बॉल ब्रेकसाठी राखायचा, त्याच्या आधीचा चौदावा बॉल कोणता असला म्हणजे पांढरा योग्य कोनात थांबेल, आणि त्या चौदाव्यापर्यंत कोणत्या बॉलवरून पोहोचायचे. अमेरिकन खेळाडू विली मोस्कोनीने १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड इथे आठ फुटी टेबलावर सलग ५२६ बॉल पॉट केले, म्हणजे त्याने सदतीस वेळा ही साखळी न तोडता पुढच्या रॅकमध्ये प्रवेश केला. अमेरिकेच्याच जॉन श्मिटने २०१९ मध्ये तो आकडा ६२६ वर नेला. माझी सर्वोत्तम मजल २३ आहे. त्या दिवशी पंधरावा बॉल पडून रॅक फुटला, तेव्हा मी क्यू खाली ठेवून दोन मिनिटे नुसता टेबलाकडे पाहत उभा होतो. तरीही १४.१ ला मी पहिला क्रमांक देत नाही, कारण सुरुवातीच्या खेळाडूचा बहुतेक वेळ पाच-सहा बॉलनंतर चुकण्यात आणि पुन्हा रॅक लावण्यात जातो आणि भाड्याच्या तासात ते महाग पडते. बोलियार्ड्समध्ये नियमितपणे शंभराच्या वर गुण होऊ लागले की मगच त्याकडे वळावे, असे माझे मत आहे.

या सर्व खेळांसाठी टेबल सपाट असणे अत्यावश्यक आहे आणि इथे मी एक महिना वाया घालवला. घराजवळच्या एका पार्लरमध्ये मी सुरुवात केली, तिथे हळू सोडलेला पांढरा शेवटच्या फूटभर अंतरात डावीकडे वळत असे. पोझिशनच्या सरावात पांढरा बहुतेक वेळा हळूच थांबवायचा असतो, त्यामुळे चूक हाताची की टेबलाची हेच कळेनासे झाले. तक्रार केल्यावरही टेबल समतल करून मिळाले नाही, म्हणून मी जागा बदलली. आता पैसे भरण्याआधी मी पांढरा हाताने लांबीच्या आणि रुंदीच्या दोन्ही दिशांना अगदी हळू सोडून पाहतो. शिवाय फाइलच्या कागदाच्या भोकाभोवती चिकटवायच्या छोट्या गोल रिंग्ज, मालकाची परवानगी घेऊन, सोबत नेतो. घोस्टविरुद्ध हरलेल्या डावातली मांडणी त्यांनी टेबलावर खुणावता येते, आणि तोच फटका, तीच चूक दुरुस्त होईपर्यंत, पुन्हा पुन्हा खेळता येतो.