आर्चरमधला एसी: मराठवाड्याचा उन्हाळा काढल्यावर

मार्चअखेरीस आमच्या लहान विमानातल्या एसीचा बेल्ट तुटला आणि पुढचा जवळजवळ सगळा उन्हाळा एसीविना काढावा लागला. एसी असतानाचा आणि नसतानाचा, दोन्ही अनुभव ताजे आहेत तोवर लिहून ठेवतो. विमान तिघांच्या भागीदारीतलं जुनं आर्चर टू, म्हणजे पायपर कंपनीचं एका इंजिनाचं, चार सीटचं विमान; मुक्काम चिकलठाण्याला, संभाजीनगरच्या विमानतळावर, फेऱ्या मुख्यतः लातूर आणि नांदेडच्या. एसी कारखान्यातूनच बसवून आलेला. लहान विमानात एसी परवडतो का, हे जालन्याचे, लातूरचे ओळखीचे लोक सारखे विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी त्या बेल्टचं बोलतो, कारण माझा सगळा राग तिथे आहे. कॉम्प्रेसर इंजिनच्या पुढच्या बाजूला खाली असतो आणि क्रँकशाफ्टवरून बेल्टने फिरतो. ती पुली प्रॉपेलरच्या लगेच मागे. बेल्ट अखंड गोल, म्हणजे तो घालायचा तर प्रॉप उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. गाडीच्या गॅरेजमध्ये हे काम चहा येईपर्यंत उरकतं. इथे आधी स्पिनर, म्हणजे प्रॉपवरची टोपी, काढायची, मग प्रॉपचे बोल्ट, मग दोघांनी धरून प्रॉप खाली घ्यायचा, बेल्ट घालून पुन्हा चढवायचा, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळायचे, दोन्ही पात्यांची टोकं एकाच रेषेतून फिरतात का ते बघायचं, लॉगबुकात नोंद करायची आणि इंजिनिअरची सही घ्यायची. हातभर रबरासाठी एवढं सगळं! ज्याने हे डिझाइन केलं त्याने एकदा तरी आपल्याकडच्या हँगरच्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये तो प्रॉप उतरवून बघायला हवा होता.

त्यात भर दुरुस्तीवाल्यांची. ज्या संस्थेकडे काम दिलं त्यांनी आठवड्यात करतो म्हणून सांगितलं. बेल्ट आला तो प्रमाणपत्राशिवाय, म्हणून परत गेला, आणि ते रास्तच होतं. कागद नसलेला भाग विमानात बसवायचाच नाही. माझं भांडण वेगळं आहे. आल्टरनेटरचा बेल्टही प्रॉपच्या मागेच असतो. मी बजावून सांगितलं होतं की प्रॉप उतरलाच आहे तर तोही बदला, त्याला भेगा दिसतायत. त्यांनी एसीचा बेल्ट घातला, प्रॉप चढवला, बिल पाठवलं. पुढच्याच तपासणीत दुसऱ्या इंजिनिअरने भेगा पडलेल्या आल्टरनेटरच्या बेल्टवर बोट ठेवलं. परत प्रॉप खाली, परत मजुरी. दुसऱ्या वेळची मजुरी मी दिली नाही आणि देणारही नाही. लेखी सूचना माझ्याकडे आहे.

तर या काळात, एप्रिलभर, माझं मत पक्कं होतं: एसी उपटून काढायचा. गणितही तसंच सांगत होतं. कॉम्प्रेसर, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, सामानाच्या कप्प्यामागचा, हवा गार करणारा एव्हॅपोरेटर, नळ्या, पंखा, सगळं मिळून सुमारे ३० किलो. ३० किलो म्हणजे ४० लिटर अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल), म्हणजे आर्चरचं तासाभराचं उडणं. चौघं बसली की तेवढं इंधन कमी भरायचं, आणि एसी डिसेंबरमध्येही पोटात घेऊन हिंडायचं. पैशाच्या हिशेबात हे मला अजूनही खुपतं.

वर हवा मुळात थंड असते. कोरड्या उन्हाळ्यात दुपारी दर हजार फुटांना तापमान जवळपास तीन अंशांनी उतरतं. खाली ४२ असलं तरी जमिनीपासून साडेपाच हजार फुटांवर ते पंचविशीत येतं. चिकलठाण्याहून निघून गोदावरी ओलांडली, माजलगावचं पाणी डावीकडे दिसायला लागलं की झडपेतून येणारी हवा पुरेशी असते. बालाघाटच्या डोंगरांवर तर मी कित्येकदा झडप मिटवून घेतली आहे. तासाभराच्या प्रवासात वरची पाऊण वेळ एसीचं कामच नाही.

आणि जिथे सगळ्यात जास्त गरज, त्या चढाईत तो चालत नाही. टेकऑफला एसी बंद, हे विमानाच्या पुस्तिकेतच आहे. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून १,९११ फुटांवर. ४२ अंशांना तिथली हवा इंजिनाला साडेपाच हजार फुटांवरच्या हवेसारखी विरळ वाटते, म्हणजे १८० अश्वशक्तीतले पंचवीसेक घोडे रनवेवर उभे असतानाच गेलेले. त्यात कॉम्प्रेसरला काही द्यायला उरतं कुठे? शिवाय एसी चालू केला की पोटाखालचं कंडेन्सरचं दार बाहेर येतं आणि वाऱ्याला अडतं. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमीजास्त करायचा दांडा, पूर्ण पुढे गेला की एक मायक्रोस्विच कॉम्प्रेसरचा क्लच सोडतो आणि दार आत घेतो. दार उघडं असेल तर पॅनलवर पिवळा दिवा. तो दिवा विझल्याशिवाय मी ब्रेक सोडत नाही, कारण उघड्या दारामुळे चढण्याचा वेग मिनिटाला १०० फुटांपर्यंत कमी होऊ शकतो. समुद्रकिनाऱ्यावर १०० फूट गेले तर चालतील. मे महिन्यात भरलेल्या आर्चरला मिनिटाला साडेचारशे फूट चढायला मिळाले तरी मी समाधानी असतो, त्यातून १०० देणं मला मान्य नाही.

म्हणून पर्याय शोधला: बर्फपेटी. पेटीत बर्फ, छोटा पंप ते गार पाणी जाळीतून फिरवतो, पंखा त्यावरून हवा फेकतो. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता ओढतो, तेव्हा १२ किलो बर्फ तासभरात वितळला तर साधारण एक किलोवॉटचा गारवा. घरातला एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉटचा, त्यामानाने कमीच; पण पुढच्या दोघांना बरं वाटतं. वजन भरल्यावर वीसेक किलो. खर्च एसीच्या एका दुरुस्तीपेक्षा कमी. आणि हिवाळ्यात ती घरी ठेवता येते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर मी दोन्ही भागीदारांना सांगून टाकलं होतं की एसीला रामराम.

हे मत मे महिन्यात बदललं, ते लग्नसराईत. आक्का आणि तिची नात मागच्या सीटवर, लातूरला लग्न. जाताना सकाळी लवकर निघालो, काही त्रास नाही. परतताना दुपार. बर्फपेटीतला बर्फ केव्हाच पाणी झालेला, आणि लातूरच्या विमानतळावर बर्फ कुठला? विमानतळ गावाबाहेर आहे. लग्नघरातून लादी फोडून आणायची, ती उन्हातून तिथवर न्यायची, हे मांडवातल्या कोणाला सांगणार? विमान उन्हात उभं होतं. आर्चरचे पंख खाली, त्यामुळे वर पंख असलेल्या सेसनासारखी पंखाची सावली केबिनवर पडत नाही. दार एकच, उजवीकडे. डावीकडे पायलटच्या हाताएवढी एक खिडकी. मागच्यांना उघडायला काहीच नाही. नातीने सीटबेल्टच्या बकलला हात लावला आणि ओरडून मागे घेतला. आयपॅड तर इंजिन सुरू व्हायच्या आधीच तापल्याची सूचना देऊन बंद पडला. ॲपलने वापरासाठी ३५ अंशांची मर्यादा दिलेली आहे आणि त्या केबिनमध्ये ती किती ओलांडली असेल ते विचारू नका. दार अर्धवट उघडं ठेवून विमान रनवेकडे नेलं. हेडसेटची गादी घामाने कानावरून सरकत होती. रेडिओवरचं एक वाक्य मला दोनदा विचारावं लागलं.

वर गेल्यावर थंड झालं, पण तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे झोत वरपर्यंत होते. खाली तापलेल्या पोरीला वरचे धक्के सोसेनात, बीडच्या अलीकडेच तिने पिशवी मागितली. आक्का शांतपणे म्हणाली, "बाळू, मला एसटीत बसव. तिची खिडकी तरी उघडती."

मला ते लागलं. मी वरच्या पाऊण तासाचा हिशेब करत होतो, आणि त्रास सगळा जमिनीवरच्या वीस मिनिटांतला होता. शरीर एकदा तापलं की वरच्या थंड हवेत लगेच निवत नाही. मागे बसलेल्याला उलटी होते, आणि पुढे बसलेला एक वाक्य दोनदा विचारतो. यातली दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. रनवेवर जाऊन उभं राहीपर्यंत पायलटचं डोकं जाग्यावर असणं हा आरामाचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचा आहे.

जूनच्या तोंडावर दोन्ही बेल्ट नवे बसले. पाऊस लांबला होता, ऊन तसंच. पुन्हा लातूर, पुन्हा दुपार, आणि आक्काला मुद्दाम आग्रह करून मागे बसवलं. एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, इंजिन नुसतं आयडलला, अगदी मंद, ठेवलं तर हवा कोमटच येते. १,००० ते १,२०० आरपीएम ठेवलं की छतातल्या झडपांतून खरी गार हवा यायला लागते. रनवेच्या तोंडाशी थांबायच्या जागेपर्यंत आक्काने पदराने वारा घेणं थांबवलं होतं. थ्रॉटल पुढे, एसी बंद, दिवा विझला. साठलेला गारवा पहिली एक-दोन मिनिटं पुरला. सुरक्षित उंचीला थ्रॉटल किंचित मागे घेतला की क्लच पुन्हा लागतो.

पण एसीचं खरं मोल उतरताना कळलं, आणि ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली नव्हती. पंचविशीच्या हवेतून चाळिशीत खाली येताना थ्रॉटल कमीच असतो, इंजिनाकडे शक्ती शिल्लक असते, एसी पूर्ण जोरात चालतो. उतरण्यासाठी विमानतळाभोवतीच्या फेरीत शिरेपर्यंत केबिन गार. लँडिंगच्या आधी बंद करायचा, कारण गो-अराउंड करावा लागला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जावं लागलं, तर सगळी शक्ती हवी. वर सरळ उडताना चालू ठेवला तर वेग चारेक नॉटने पडतो, तेव्हा वर मी तो बंदच ठेवतो.

आता माझं म्हणणं. सेसनावाल्यांनी याच्या नादी लागू नये. वर पंखाची सावली, उघडणारी खिडकी, विंडस्क्रीनला आतून चकाकणारा पडदा आणि सकाळची वेळ, एवढं पुरतं. पहाटे एकट्याने उडणाऱ्यालाही नको. आर्चर किंवा तसंच खाली पंखांचं, एका दाराचं विमान असेल, मागे म्हातारी माणसं किंवा लेकरं बसत असतील आणि परतीची वेळ दुपारची असेल, तर आधीपासून असलेला एसी काढू नका. नव्याने मात्र बसवू नका: परवानग्या, कागद, नव्याने वजनाचा हिशेब, आणि एवढं करून वापर एप्रिल ते जून. नवं सिरस (हेही खाली पंखांचं लहान विमान) घेणाऱ्यांना तो कारखान्यातून पर्याय म्हणून मिळतो, त्यांनी जरूर घ्यावा.

जुनं विमान घेताना एसी असेल तर तीन गोष्टी बघा. कंडेन्सरचं दार खरंच आत जातं का आणि दिवा खरंच विझतो का, हे जमिनीवर थ्रॉटल लावून तपासा. एसीतला गॅस कुठला आहे ते लॉगबुकात बघा. जुन्यांत आर-१२ असायचा, तो आता मिळणं विसरा. आणि दोन्ही बेल्ट टॉर्च मारून बघा. हिवाळ्यातही अधूनमधून दहा मिनिटं एसी चालवा, नाहीतर कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील सुकतं आणि मार्चमध्ये गॅस गेलेला असतो.

जास्तीचे दोन्ही बेल्ट आता कागदांसह हँगरच्या कपाटात आहेत. यापुढे कुठल्याही कारणाने प्रॉप उतरला की दोन्ही बदलायचे, असं लेखी ठरलंय. आमच्यातला एक भागीदार अजूनही म्हणतो की ते ३० किलो काढून टाका. तो पहाटे एकटा नांदेडला जातो आणि ऊन चढायच्या आत परत येतो, त्यामुळे त्याचं म्हणणं मला पटतं. तरी एसी राहणार आहे. दोन मतं राहू दे म्हणणारी आहेत आणि आक्काचं मत आम्ही मोजलेलं नाही.