ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचे सीलबंद गिअरबॉक्स ऑइल : घरी बदलावे की गॅरेजमध्ये?

ज्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते त्याला ‘सीलबंद’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, आणि या एका शब्दामुळे अनेक मालकांचा असा समज होतो की आतले ऑइल गाडीच्या जन्मभरासाठी आहे. प्रत्यक्षात या शब्दाचा अर्थ एवढाच की पातळी तपासण्याची सोय बॉनेटखालून काढून गाडीच्या पोटाखाली नेलेली आहे. माझ्याकडे पाचव्या पिढीची टोयोटा फोररनर आहे, तिच्यात ए-750 हा पाच गतींचा गिअरबॉक्स आहे, आणि डेन्व्हरजवळच्या आमच्या घरून आम्ही तिच्या मागे सुमारे सोळाशे किलोंचा कॅम्पिंग ट्रेलर जोडून डोंगरात जातो. टोयोटाच्याच अमेरिकेतील देखभाल पुस्तिकेत, ट्रेलर ओढणाऱ्या किंवा जड ओझे वाहणाऱ्या गाडीचे गिअरबॉक्स ऑइल 60,000 मैलांवर, म्हणजे सुमारे 96,000 किलोमीटरवर बदलावे, असे लिहिलेले आहे. त्यामुळे बदलावे की नाही, हा प्रश्न आमच्यासारख्यांपुढे उरतच नाही. ते कोणी आणि कोणत्या पद्धतीने बदलावे, एवढेच ठरवायचे राहते.

ओझ्याने ऑइल लवकर का म्हातारे होते, हे समजल्याशिवाय पद्धतींची तुलना करता येत नाही. सपाट रस्त्यावर ठरावीक वेगाने जाताना टॉर्क कन्व्हर्टरमधला (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातला) क्लच बसलेला असतो आणि इंजिन व गिअरबॉक्स जणू एकाच दांड्याने जोडलेले असतात; परंतु चढावर ओझे वाढले की हा क्लच सुटतो, इंजिनाची ताकद ऑइल घुसळून पुढे पोहोचू लागते आणि त्या घुसळण्यात वाया जाणारी ताकद उष्णता होऊन ऑइलमध्येच राहते. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटरवर आहे आणि आय-70 महामार्गावरील आयझेनहॉवर बोगदा सुमारे 3,400 मीटरवर, म्हणजे जेमतेम शंभर किलोमीटरांत गाडीला ट्रेलरसकट अठराशे मीटर चढायचे असते. ऑइलचे तापमान 80 अंश सेल्सिअसच्या वर गेले की दर दहा-अकरा अंशांमागे त्याचे आयुष्य निम्मे होते, असा या कामातल्या लोकांचा ठोकताळा आहे. पाचवा गिअर न वापरता गिअरचा दांडा एस स्थितीत ठेवून चौथ्यापर्यंतच राहावे, ही पुस्तिकेतली सूचना पाळली तर क्लच कमी वेळा सुटतो, आणि मला वाटते की ऑइल वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

आता पर्याय पाहू. पहिला आणि सर्वांत साधा पर्याय म्हणजे ड्रेन प्लग, म्हणजे तळाचे बूच, उघडून जेवढे येईल तेवढे ऑइल काढणे आणि तेवढेच नवे भरणे. या गिअरबॉक्सात एकूण साडेदहा लिटरच्या आसपास ऑइल असते, पण बरेचसे टॉर्क कन्व्हर्टर, ऑइल थंड करणारा कुलर आणि नळ्यांमध्ये अडकून राहत असल्याने एका वेळी साधारण तीन लिटरच बाहेर येते. म्हणून एकदाच बदल करून ‘ऑइल बदलले’ असे म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे: दर वेळी तीन लिटर निघाले असे धरले, तर पहिल्या बदलानंतर आतले 29 टक्के ऑइल नवे असते, दुसऱ्यानंतर 49, तिसऱ्यानंतर 64 आणि चौथ्यानंतर 74 टक्के. चार बदलांना बारा लिटर लागतात, म्हणजे संपूर्ण गिअरबॉक्स भरण्यापेक्षाही जास्त, आणि तरीही चौथा हिस्सा जुनाच राहतो. ही पद्धत तोट्याची दिसते खरी, परंतु तिच्यात गिअरबॉक्सचा पंप एका क्षणासाठीही कोरडा चालत नाही, एकट्या माणसाला ती जमते, आणि दोन बदलांमध्ये आठवडाभर गाडी चालवून पुढचा बदल पुढच्या रविवारी करता येतो.

दुसरा पर्याय कुलरकडून परत येणारी नळी सोडवून इंजिन चालू ठेवण्याचा आहे. गिअरबॉक्सचा स्वतःचाच पंप जुने ऑइल बादलीत टाकतो, लिटरभर आले की इंजिन बंद करायचे, तेवढेच नवे भरायचे, आणि धार लालभडक होईपर्यंत हेच करत राहायचे. अकरा-बारा लिटरांत जवळजवळ सर्व ऑइल बदलते, त्यामुळे कागदावर ही पद्धत पहिलीपेक्षा सरस आहे. पण एक माणूस किल्लीवर आणि दुसरा बादलीवर लागतो, काही सेकंदांचा उशीर झाला तर पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचे ऑइलचे भांडे, रिकामा होऊन पंप हवा ओढतो, आणि काही मॉडेलांत कुलरच्या वाटेवर थर्मोस्टॅट असल्याने ऑइल गरम झाल्याशिवाय धार नीट येतच नाही. शिवाय अनेक वर्षे न हललेली रबरी नळी ओढताना चिरली, तर घरचे काम तिथेच थांबते. ज्याने आधी दोन-तीनदा पहिल्या पद्धतीने काम केले आहे आणि ज्याला हाकेसरशी इंजिन बंद करणारा जोडीदार आहे, त्यानेच या वाटेला जावे असे माझे मत आहे.

पॅन उतरवून गाळणी बदलण्याबद्दल बरेच बोलले जाते, मात्र या गिअरबॉक्सापुरते ते मला गौण वाटते. टोयोटा आतल्या भागाला फिल्टर नव्हे तर स्ट्रेनर, म्हणजे गाळणीच म्हणते. लोखंडाची बारीक पूड पॅनमधल्या चुंबकांवर जमते, आणि त्या चुंबकांवर मऊ करडा लेप दिसला तर ती रोजची झीज समजावी, टोचणारे कण दिसले तर मात्र काळजी करावी. एकदा पॅन उतरवून हे पाहणे शहाणपणाचे आहे, पण त्याचे बोल्ट अगदी हलक्या हाताने, एकसारखे आवळावे लागतात. जोर लावला की कड वाकते आणि ऑइल पाझरू लागते. ज्यांची गाडी झेड-एफ या जर्मन कंपनीच्या आठ गतींच्या गिअरबॉक्सची आहे, त्यांचे गणित वेगळे आहे, कारण तिथे बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचा पॅन आणि फिल्टर हा एकच भाग असतो आणि तो पूर्णच बदलावा लागतो. हा गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरदरम्यान ऑइल बदलायला सांगते, गाडीवर ‘आजीवन’ असे लिहिलेले असले तरी.

उरतो गॅरेजचा पर्याय. तिथले यंत्र त्याच कुलरच्या नळ्यांना जोडले जाते आणि जेवढे जुने ऑइल बाहेर येते तेवढेच नवे आत ढकलते, म्हणजे तत्त्वाने ती दुसरीच पद्धत आहे, फक्त अधिक सुरक्षित. लिफ्टवर गाडी समतल असते, वापरलेल्या ऑइलची विल्हेवाट त्यांची जबाबदारी असते आणि दीड-दोन तासांत काम आटोपते. त्यात एखादे साफ करणारे रसायन आधी घालण्याचा आग्रह झाला तर मी तरी नको म्हणेन. कारखान्याने सांगितलेले ऑइल, या गाडीसाठी टोयोटाचे डब्ल्यू-एस, भरले जाणार आहे की ‘सर्व गाड्यांना चालणारे’ काही पिंपातून ओतले जाणार आहे, हेही विचारून घेतले पाहिजे.

माझ्या निर्णयाचे पारडे जिथे झुकले ती गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि ती म्हणजे शेवटची पातळी. पॅनच्या आत एक लहानशी उभी नळी असते आणि खालून पाच मिलिमीटरच्या अॅलन कीने उघडणारा ओव्हरफ्लो प्लग तिचे तोंड बंद करतो. इंजिन चालू आणि गाडी समतल असताना, ऑइल ठरावीक तापमानाला असताना हा प्लग उघडायचा. जास्तीचे ऑइल वाहून जाते आणि धार तुटून थेंब पडू लागले की पातळी बरोबर झाली. तापमानाचा टप्पा मॉडेल आणि सालानुसार बदलतो, तो साधारण 35 ते 55 अंशांच्या दरम्यान कुठेतरी, जेमतेम दहा अंश रुंदीचा असतो, म्हणून आपल्या सालाच्या दुरुस्ती पुस्तिकेतलाच आकडा धरावा. याचे कारण साधे आहे: साडेदहा लिटर ऑइल चाळीस अंशांनी तापले की फुगून सुमारे तिसरा हिस्सा लिटर जास्त जागा व्यापते. महामार्गावरून नुकत्याच आलेल्या तापलेल्या गाडीचा प्लग कोणी लगेच उघडला, तर फुगलेले ऑइल वाहून जाते आणि गाडी थंड झाल्यावर गिअरबॉक्स उपाशी राहतो.

आमच्या बाबतीत नेमके हेच घडले. माझे पहिले काम मी विश्वासाने एका गॅरेजकडे दिले होते. पावतीवर सर्व ठीक होते, पण पुढच्याच सहलीत सकाळी थंड गाडी रिव्हर्समध्ये टाकली की ती क्षणभर विचार करूनच हलायची, आणि पत्नीने हे माझ्याआधी ओळखले. घरी परतल्यावर रात्रभर गाडी उभी ठेवली, निदान-सॉकेटला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचण्याच्या जोडणीला) ब्लूटूथ यंत्र लावून फोनवर पॅनमधल्या ऑइलचे तापमान पाहत राहिलो, आणि योग्य टप्प्यात ओव्हरफ्लो प्लग उघडला तेव्हा खाली ठेवलेल्या दह्याच्या पांढऱ्या डब्यात एक थेंबही पडला नाही. हातपंपाने थोडे थोडे भरत गेलो. सातशे मिलिलिटर आत गेल्यावर धार आली, आणि डब्याच्या पांढऱ्या बुडावर ते लाल ऑइल पाहून मला हायसे वाटले. तो अडखळा त्यानंतर आला नाही. गॅरेजमधल्या माणसाला काम येत नव्हते असे मी म्हणणार नाही, पण पुढची गाडी दारात उभी असताना गिअरबॉक्स थंड होण्याची तासभर वाट पाहणे त्याला परवडत नाही, आणि घरी मला तो तास मिळतो.

ज्यांच्याकडे तापमान दाखवणारे यंत्र नाही त्यांनी निदान-सॉकेटमधील 4 आणि 13 क्रमांकाचे टोक तारेने जोडून, पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमाने गिअर हलवून, डॅशबोर्डवरील डी दिव्यावरून टप्पा ओळखावा. चुकीची दोन टोके जोडली गेली तर नुकसान होते, म्हणून मी यंत्रालाच पसंती देतो. फोररनर उंच असल्याने समतल अंगणात जॅक न लावता तिच्याखाली शिरता येते, आणि घरच्या कामातला सर्वांत मोठा धोका त्यामुळेच टळतो. ज्यांची गाडी बुटकी आहे त्यांना ती चारही बाजूंनी सारख्या उंचीवर भक्कम आधारावर घ्यावी लागेल. केवळ पुढची चाके उचलून घेतलेली पातळी खोटी असते. तेवढी सोय नसेल तर गॅरेजच बरे.

पुण्याहून माझे मेहुणे फॉर्च्युनरच्या ऑटोमॅटिकबद्दल विचारतात तेव्हा मी त्यांना सांगतो की तिच्यातही हेच डब्ल्यू-एस ऑइल आहे आणि पातळीची रीतही हीच, फक्त तिकडच्या बोलण्यात सगळ्यालाच ‘गिअर ऑइल’ म्हणतात, त्यामुळे दुकानातून मॅन्युअल गिअरबॉक्सचे जाड ऑइल हातात पडणार नाही एवढे पाहावे. अमेरिकेत वॉरंटीची भीती घालणाऱ्यांना 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याकडे बोट दाखवावे. केवळ स्वतः देखभाल केली म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, मात्र ऑइलच्या पावत्या, तारीख आणि मैल लिहून ठेवलेले असले पाहिजेत.

गाडी देखभालीच्या वेळापत्रकात असेल, ऑइल गडद झाले तरी लालसर असेल आणि गिअर नीट पडत असतील, तर मी घरी तीन किंवा चार वेळा साधा बदल करण्याचाच सल्ला देईन. गिअर घसरत असतील, ऑइलला जळका वास असेल किंवा रेडिएटरमधला कुलर फुटून ते गुलाबी दुधासारखे झाले असेल, तर घरच्या कोणत्याही पद्धतीने ते सुधारणार नाही. अशी गाडी गिअरबॉक्सचेच काम करणाऱ्या माणसाकडे न्यावी. आणि ज्यांनी घरचा मार्ग धरला आहे त्यांनी पहिल्या दिवशी ड्रेन प्लगला हात लावण्याआधी उजव्या बाजूचा 24 मिलिमीटरचा भरण्याचा प्लग सैल होतो की नाही हे पाहावे, कारण ऑइल काढून झाल्यावर तो गंजून बसल्याचे कळले तर गाडी अंगणातून हलवताही येत नाही.