फ्रॅमस स्टार बेस: साठ वर्षांची जर्मन गिटार, कोल्हापूरचा पावसाळा आणि स्टेज

जुनी युरोपियन बेस गिटार म्हटलं की लोकांना ती भिंतीवर टांगायची वस्तू वाटते. माझं मत अगदी उलट आहे. नीट दुरुस्त केली तर ती रोज वाजवता येते आणि वाजवलीच पाहिजे. माझी फ्रॅमस या जर्मन कंपनीची, आतून पोकळ असलेली स्टार बेस गेल्या उन्हाळ्यापासून ऑर्केस्ट्रात आणि सरावाला रोजच्या वापरात आहे. मधे आपला पावसाळाही तिनं काढला, म्हणून आता खात्रीनं लिहितोय.

अशी गिटार परदेशातून मागवायची तर कुरिअर, कस्टम्स आणि वाटेत पोकळ बॉडीला मार बसायची भीती. त्यापेक्षा मी इथल्याच जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांकडे चौकशी लावली. लक्ष्मीपुरीत एका निवृत्त वादकाच्या माळ्यावर ही पडून होती. पेटीचं अस्तर उंदरांनी कुरतडलेलं, पण आतली गिटार शाबूत. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाच्या मागे नंबर आणि त्यापुढे ६५ व एक अक्षर ठोकलेलं होतं. फ्रॅमसवाले त्या काळी वर्ष आणि महिना असाच ठोकायचे, त्यामुळे ही १९६५ ची हे जागीच कळलं.

फ्रेड विल्फर यांनी १९४६ मध्ये ही कंपनी काढली. महायुद्धानंतर बोहेमियातल्या शोनबाख भागातून जर्मन वाद्यकारागिरांना बाहेर पडावं लागलं. त्यातले बरेच बव्हेरियात येऊन राहिले आणि बुबेनरॉइथ हे खेडं वाद्यांचं गाव झालं. हॉफनर ही दुसरी गिटार कंपनीही तेव्हा तिथलीच. रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचे बेसवादक बिल वायमन साठच्या दशकात हीच स्टार बेस वाजवायचे, म्हणून तिचं नाव झालं. मला मात्र तिची मान, म्हणजे पडदे असतात ती दांडी, जास्त महत्त्वाची वाटते. ती अखंड लाकडाची नाही, पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून केलेली आहे. कडेनं पाहिलं की एकेक रेघ मोजता येते. असल्या मानेला प्लायवूड म्हणून हिणवणारे भेटतात. त्यांनी ती जुलैमध्ये कोल्हापुरात वाजवून बघावी. माझ्या दुसऱ्या, अखंड मेपलच्या मानेच्या बेसचा ट्रस रॉड (मानेतला बाक सरळ करणारी लोखंडी सळी) दर पावसाळ्यात फिरवावा लागतो. हिला आजवर हात लावावा लागलेला नाही.

दुरुस्तीसाठी मुंबईला जायची गरज पडली नाही, कारण मिरज जवळ आहे. सतार-तंबोरे करणाऱ्या एका चाचांकडे गिटार नेली. त्यांनी आधी बोटाच्या पेरानं तबली, म्हणजे पुढची लाकडी फळी, ठोकत पूर्ण कड ऐकली. खालच्या बाजूला आवाज बसला तिथं थांबून म्हणाले, "हितं जोड सुटलाय, लाकूड चांगलं हाय." तबली आणि बाजूची पट्टी यांचा जोड तिथं उघडला होता. गरम सरस पातळ करून चाकूच्या पात्यानं आत सोडला, वरून दोरीनं आवळून तसंच ठेवलं. अराल्डाइट मी सुचवलंच नसतं आणि त्यांनीही वापरलं नसतं. सरस उद्या पुन्हा गरम करून सोडवता येतो, अराल्डाइट लाकूड घेऊनच निघतो.

घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, तबलीला चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबानं उभी असते. तिचे पाय तबलीच्या बाकाला तंतोतंत बसले नाहीत तर आवाज मरतो. चाचांनी तबलीवर सँडपेपर खरखरीत बाजू वर करून ठेवला, त्याच्यावर घोडी पुढं-मागं घासली आणि फट जाईपर्यंत उजेडात धरून धरून पाहिली. सतारीच्या घोडीला घासून जवारी काढणाऱ्याचे डोळे ते. आवाजातला सगळ्यात मोठा फरक मला या कामानं जाणवला.

एका खुंटीचं बुश झिजलं होतं. उद्यमनगरात लेथवर पितळेचं करून मिळालं. घोडीकडचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबकी कॉइल) बंद होता, पण कॉइल शाबूत निघालं. बाहेर येणारं टोक तेवढं सोल्डरपाशी तुटलं होतं. एक वेढा सोडवून केसासारखी ती तार पुन्हा जोडली. नवा पिकअप टाकायचा सल्ला मिळाला तर आधी हे तपासा. वायरिंग करताना मात्र संयम लागतो. पोकळ बॉडीला मागून झाकण नसतं, त्यामुळे प्रत्येक पॉटला (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाला) दोरा बांधून सगळा जुडगा एफ-होलमधून, म्हणजे तबलीवरच्या f आकाराच्या भोकातून, आत सोडायचा आणि दोरे ओढत एकेक आपापल्या भोकात आणायचं. पॉलिश, ओरखडे, पिवळी पडलेली कडेची पट्टी यांना हात लावू दिला नाही. हा सगळा खर्च खरेदीच्या निम्म्याच्या आत बसला.

तारा फ्लॅटवाउंडच, म्हणजे वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या लावा, आणि शॉर्ट स्केलच्या (कमी लांबीच्या). नेहमीच्या फेंडर बेसचं स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंच, हिचं ३० च्या आसपास, त्यामुळे लांब तारेचा जाड भाग खुंटीवर गुंडाळायची वेळ येते. मी पिरॅमिडच्या मागवल्या, त्याही बुबेनरॉइथच्याच. आवाज गोल, लाकडी, ठोका पडून लगेच मिटणारा. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांत ढोलकीच्या किंवा तबल्याच्या खाली तो असा बसतो की पाच तारांची आधुनिक बेस नकोशी वाटते. वजन इतकं हलकं की पूर्ण कार्यक्रम उभ्यानं वाजवून खांदा दुखत नाही.

तक्रारीही खऱ्या आहेत. खालची ई तार सैल लागते, स्लॅपिंग (अंगठ्यानं तार ठोकून वाजवणं) करणाऱ्यानं हिच्या वाटेला जाऊ नये. अँपसमोर उभं राहिलं की पोकळ बॉडी घुमते. एफ-होलमध्ये स्पंजचा तुकडा बसवला की बरंच थांबतं. स्टेजच्या लाइटचे डिमर चालू झाले की सिंगल कॉइल पिकअप गुणगुणतात. टेलपीसला (तारा खाली अडकवतात त्या धातूच्या पट्टीला) अर्थिंग नीट केल्यावर ते कमी झालं, पूर्ण गेलं नाही. आणि तारा बदलताना एका वेळी एकच काढायची. सगळ्या काढल्या की घोडी जागेवरून सरकते, मग बाराव्या पडद्यावर (फ्रेटवर) ट्यूनर लावून ती पुन्हा सूरात बसवत बसावं लागतं. काही पडद्यांना थोडी झीज आहे, ती पुढच्या उन्हाळ्यात मिरजेला नेऊन समतल करून घेणार आहे.