दीड हजारांचे वायरवाले इअरफोन आणि रत्नागिरीचा पावसाळा

मे महिन्यात घेतले, आता दिवाळी होऊन गेली. नव्या मालाचा आवाज चार दिवसांत कळतो. आमची खारी हवा त्याचं काय करते ते कळायला मात्र श्रावण उलटावा लागतो, म्हणून इतके महिने लिहिलं नाही.

वस्तू साधी आहे. चिनी बनावट, कानात घट्ट बसणारे, आत १० मिमीचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर (म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर), ३२ ओहम, वायर सुटी होणारी. किंमत दीड हजाराच्या आसपास. माझ्या फोनला गोल जॅक नाही, त्यामुळे टाइप-सीचा छोटा डॅक (फोनमधल्या डिजिटल आवाजाचं इअरफोनला चालेल अशा सिग्नलमध्ये रूपांतर करणारा जोड) वेगळा घ्यावा लागला. हिशेबात तोही धरायचा.

खर्ज भरपूर आहे, जरा जास्तच. डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचं, नीट केलेलं रेकॉर्डिंग लावलं की पखवाजाची कणीक लावलेली बाजू छातीत घुमते. पण ती थाप लांबते. बुवांनी लय वाढवली की दोन थापांमधली मोकळी जागा भरून जाते आणि सगळा गलका होतो. खरी तक्रार झांजांची. ८ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज मुद्दाम उचललेला आहे. या किमतीत हे सर्रास चालतं, कारण पहिल्यांदा कानात घातल्यावर 'वा, काय क्लिअर!' असं वाटतं. तासाभराने कान किटतात. वर-खाली दोन्हीकडे उचल दिल्यामुळे मधला भाग, म्हणजे गळा आणि पेटी, एक पाऊल मागे उभा राहतो. भजनात बुवाच मागे गेले तर ऐकायचं काय?

मी फोनच्या इक्वलायझरमध्ये (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) ८ किलोहर्ट्झला तीन-चार डेसिबल उतरवले आणि खर्ज थोडा कापला. बुवा पुढे आले. गंमत अशी की त्याच उचलीमुळे तंबोऱ्याची जवारी, तारांची ती झणझण, सुरेख ऐकू येत होती, ती थोडी विझली. आता दोन सेटिंग ठेवली आहेत, एक भजनाचं आणि एक ख्याल-नाट्यसंगीताचं. आठवडे दोन आठवडे वाजवत ठेवले की आवाज 'खुलतो' म्हणतात. माझ्या कानाला तसा काही फरक लागला नाही.

रत्नागिरी-चिपळूण गाडीत, खिडक्या उघड्या असताना, बाहेरचा आवाज अडवण्याची खरी परीक्षा होते. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. सिलिकॉनच्या टिप्स माणसांच्या गप्पा बऱ्याच दाबतात, चाकांची घरघर नाही. ती घरघर गाण्यातला खर्ज गिळते आणि मग कंपनीने दिलेला जादा खर्ज तिथेच कामाला येतो. बोगद्यात आवाज वाढवायचा मोह होतो, तो आवरावा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. फोमच्या टिप्स जास्त अडवतात, पण आमच्या दमटपणात त्या लवकर चिकट होतात. आणि गाणी आधी डाउनलोड करून घ्या, बोगद्यात रेंज जाते.

आता हवा. ऑगस्टपर्यंत पारदर्शक आवरणाखालची तांब्याची वायर हिरवी पडली, प्लगवर डाग आले आणि डावी बाजू खरखरायला लागली. प्लग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काही दिवस निभावलं, मग अडीचशेची नवी वायर लावली. आवाज जसाच्या तसा परत आला. माझ्या मते या इअरफोनची निम्मी किंमत वायर काढता-घालता येणाऱ्या त्या ०.७८ मिमीच्या दोन पिनांत आहे. वायर कायमची जोडलेली असती तर गणपतीतच कचऱ्यात गेले असते. खोक्यावरच्या आयपीएक्स४ या पाणीरोधक दर्जाला भुलू नका. ती चाचणी शिंतोड्यांची असते, मिठाची नव्हे. मध्ये उजवी बाजूही बारीक वाजू लागली होती, पण तो जाळीतला मळ आणि ओल. मऊ ब्रशने साफ करून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवले, सुधारले.

आवाजाला दहापैकी साडेसहा, इक्वलायझर लावून साडेसात. पैशाच्या मोबदल्याला आठ, डॅक आणि दुसरी वायर धरूनसुद्धा. माइक मात्र कामाचा नाही. भाट्याच्या किनाऱ्यावरून फोन केला तर पलीकडे फक्त वारा ऐकू जातो. घेताना बिनमाइकची वायर मागा, तेवढीच थोडी स्वस्त पडते.