छाटणी ते छाटणी: ईएन ३१ पोलादाचा हाताने बनवून घेतलेला चाकू

आधीच सांगतो, पातं एक नंबर, मूठ चांगली, म्यान टाकाऊ. ज्यांना एवढंच हवं होतं ते इथेच थांबले तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितोय, कारण चाकू कमरेला दिसला की प्रत्येक जण तेच विचारतो, कुठून घेतला, केवढ्याला पडला, आणि बाजारात दोनशेला मिळतो की.

आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात, राहायला नाशिकमध्ये. गोडी छाटणीच्या, म्हणजे ऑक्टोबर छाटणीच्या जरा आधी चाकू हातात आला, मग काढणी झाली, एप्रिलची खरड छाटणी झाली, आख्खा पावसाळा गेला आणि आता परत ऑक्टोबर छाटणीची धांदल सुरू आहे. मधेमधे हरिहर, अंजनेरी, एकदा साल्हेर, तिकडेही सोबत होताच. म्हणजे कपाटात ठेवून फोटो काढायचा प्रकार नाही, रोजचा वापर.

बनवणारा मुलगा अंबड एमआयडीसीत टूलरूमला कामाला आहे, संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये चाकू बनवतो. नाव टाकत नाही, त्याच्याकडे आधीच रांग आहे आणि त्यानेच सांगितलंय की दादा, कृपा करून नंबर वाटू नका. दीड महिना बोलला होता, तीन महिने लागले. मधे फोन केला की "उद्या हीट ट्रीटमेंटला टाकतोय" हे ठरलेलं उत्तर. तो उद्या काही लवकर उजाडला नाही. हाताच्या कामाला वेळ लागतो हे मान्य आहे, पण मग तारीखच तीन महिन्यांची द्या ना भाऊ, माणूस तेवढा थांबतो.

पण ऑर्डर घ्यायची त्याची पद्धत मला फार आवडली. पहिला प्रश्न डिझाइन कोणतं नाही, "काय काय कापणार ते सांगा." मी सांगितलं, सुतळी, ठिबकची १६ मिमीची लॅटरल म्हणजे बारीक नळी, खताच्या गोण्या, वेलीवर टाकतो तो प्लॅस्टिक पेपर, खुंटावरचे फुटवे, कधी बांबू तासायचा, आणि ट्रेकला गेलो की कांदा टोमॅटो. मग त्याने प्लायवूडमध्ये तसाच आकार कापून दिला आणि म्हणाला हा आठवडाभर खिशात ठेवा, हातात धरा, जिथे बोचतो तिथे पेनाने खूण करा. मी करंगळीजवळ आणि अंगठ्याच्या बुडाशी खुणा केल्या, त्याप्रमाणे मूठ झाली. हातमोजा घालून आणि न घालता दोन्ही प्रकारे नीट बसते. दुकानातल्या चाकूत हे मिळणार नाही, आणि मी म्हणेन अर्धे पैसे ह्याचेच आहेत.

जाडीवरून थोडी बोलाचाली झाली. मी ३ मिमी मागितली तर तो म्हणाला, "सगळे ५ मागतात, तुम्ही पहिलेच." आजकाल व्हिडिओ बघून सगळ्यांना ६ मिमी जाडीचं, काळं कोटिंग मारलेलं, पाठीला करवतीचे दाते असलेलं प्रकरण हवं असतं. ते फोटोत भारी दिसतं आणि कांदा कापायला घेतलं की कांदा फुटतो, कापला जात नाही. शेवटी साडेतीनवर आम्ही थांबलो, पण धारेमागे पातं चांगलं पातळ उतरवून घेतलं. पातं साडेचार इंच, वजन दोनशे ग्रॅमच्या आत. सगळे मिळून साडेपाच हजार झाले.

पोलादाचे त्याच्याकडे तीन पर्याय होते. एक गाडीच्या पाट्याचं स्प्रिंग स्टील म्हणजे ईएन ४५, दुसरं बेरिंगचं ईएन ३१ आणि तिसरं डी २. पाट्याचं चिवट असतं, आपले कोयते विळे त्याचेच होतात, पण जुना पाटा हजारो खड्डे खाऊन आलेला असतो आणि आत बारीक तडा असला तर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून घ्यायचंच तर नवीन पट्टीतून घ्यावं. डी २ मध्ये क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास, गंज कमी, धार खूप दिवस टिकते, पण धार गेली की साध्या दगडावर परत आणताना घाम निघतो. ईएन ३१ मध्ये कार्बन साधारण १ टक्का आणि क्रोमियम १ ते दीड टक्का. स्टेनलेस म्हणवून घ्यायला किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, म्हणजे हे गंजणार हे आधीच धरून चाला. मी तेच घेतलं कारण धार बारीक घेतं आणि मळ्यातल्या मळ्यात पाच मिनिटांत परत लावता येते.

पण खरं सांगू का, ग्रेडवर लोक जितकी चर्चा करतात त्याच्या निम्मी जरी पाणी कसं दिलं, म्हणजे हीट ट्रीटमेंट कशी केली ह्यावर केली तरी पुरे. हीट ट्रीटमेंटच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. छोटी मफल फर्नेस म्हणजे बंद भट्टी, तापमान आकड्यात दिसतं, ८४० अंशाला पातं थोडा वेळ ठेवलं आणि कोमट केलेल्या तेलात टोकाकडून सरळ खाली सोडलं. ईएन ३१ पाण्यात बुडवलं तर तडकायची भीती, म्हणून तेल. बाहेर काढल्यावर त्याने कानस लावली, काचेवर घसरावी तशी सर्रकन घसरली, ओरखडाही नाही. मग लगेच टेंपरिंग, म्हणजे ओव्हनमध्ये २०० अंशाच्या आसपास, दोन तास, थंड करून परत दोन तास. हे टेंपरिंग केलं नाही तर पातं कडक राहतं पण काचेसारखं तडकतं. आमच्या गावचे लोहारबाबा हेच काम भात्यावर नुसत्या रंगावरून करतात, त्यासाठी भट्टी मुद्दाम अंधाऱ्या कोपऱ्यात असते कारण उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही. त्यांचा विळा आजही आमच्याकडे आहे, तात्या तोच वापरतात, आणि त्या विळ्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त बेरिंगच्या पोलादाला एवढी चूक चालत नाही, तिथे आकडा लागतो. म्हणून कोणाकडेही बनवायला टाकलात तर भट्टीचं तापमान कसं मोजता आणि टेंपरिंग किती वेळ करता हे विचारा. उत्तर देताना माणूस गडबडला तर पुढे जाऊ नका, मूठ कितीही सुंदर असो.

आता वापर. सुतळी आणि लॅटरलला काहीच जोर लागत नाही. गोण्यांचं विणलेलं प्लॅस्टिक मात्र धारेचा शत्रू आहे, त्यात गोणीला माती लागलेली असली तर अजूनच. काढणीच्या दिवसात रोज संध्याकाळी जुन्या चामडी पट्ट्यावर पॉलिशची हिरवी पेस्ट लावून दहा-बारा हात मारायचो, तेवढ्यावर सीझन निघाला. दगड फक्त मधेच कधीतरी, १००० नंबरचा. काडी छाटायला सिकेटर म्हणजे छाटणीची कात्रीच वापरा, चाकूने छाटणी होत नाही. आणि कलम करायचं असेल तर ह्याच्या नादी लागू नका. पाचर कलमाला एका बाजूने सपाट असलेला पातळ चाकू लागतो, ह्याने काप गोलसर येतो आणि जोड बसत नाही.

पात्याच्या पाठीबद्दल वेगळं लिहायलाच हवं. मी पाठ काटकोनात, कडक कडेची मागितली होती, ट्रेकवाले फायर रॉड, म्हणजे ठिणग्या पाडायची कांडी घासायला घेतात तशी. आग काही मी पेटवत नाही, राखीव जंगलात कायद्यानेच बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण ती कड बागेत भलतीच कामाला आली. मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकणासाठी खोडाची सुटलेली साल काढावी लागते, त्याला पाठ उलटी धरून वरून खाली ओढली की साल पापुद्र्यासारखी सोलून येते आणि आतल्या हिरव्या भागाला धक्का लागत नाही. विळ्याच्या धारेने हे करताना कुठेतरी खोलवर जातंच. त्रास एकच, तीच कडक कड अंगठ्याखाली येते आणि बांबू तासताना अंगठा सोलून निघतो. मी नंतर परत नेऊन मुठीकडची दीड इंच पाठ गोल करून घेतली. त्याने पैसे घेतले नाहीत, चहा पाजला.

आणि दुसरी गंमत बोर्डोची, म्हणजे बुरशीवर फवारतो त्या मोरचूद-चुन्याच्या द्रावणाची. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, हे सगळ्यांना पाठ असतं, पण चुना जुना, हवेत उघडा राहिलेला असला की एक किलो पुरत नाही आणि मोकळं तांबं राहून कोवळी पानं भाजतात. तपासायची जुनी रीत म्हणजे चकचकीत लोखंडी पातं मिनिटभर द्रावणात धरायचं, लालसर तांब्याचा थर चढला तर चुना अजून टाका. लोक खिळा टाकतात, विळा बुडवतात. माझ्या चाकूवर तोवर करडा-निळसर थर आला होता, त्यामुळे टोकाजवळचा बोटभर भाग पॉलिश पेपरने घासून पांढरा केला आणि बुडवला. बाहेर काढला तर तेवढाच भाग तांब्याच्या भांड्यासारखा लाल, बाकी पातं जसंच्या तसं. थोडं थोडं चुन्याचं पाणी वाढवत गेलो, दर वेळी घासून परत बुडवला, लाली फिकी होत होत शेवटी आलीच नाही, मग फवारणी. तात्या बाजूला उभे होते, म्हणाले "साडेपाच हजाराचा खिळा आणला का?" काय बोलणार. एक काळजी घ्या, नंतर साध्या पाण्याने धुवून लगेच पुसायचा, मोरचूद लागून राहिलं तर पातं खातं.

गंजाचं म्हणाल तर पावसाळ्यात रोज लक्ष द्यावं लागतं. द्राक्षाचा रस, कांदा, लिंबू ह्याने पहिल्या आठवड्यातच डाग पडले, घाबरू नका, तो करडा थर बसू द्या, तो लाल गंज थोडा अडवतो. पुसून तेलाचा हात मारायचा, बस. मी खोबरेल वापरतो कारण त्याच चाकूने खायचं कापतो. थंडीत नाशिकला बाटलीत तेल गोठलेलं असतं, ते बोटाने उलट बरं लावता येतं.

मूठ शिसवाची, पितळी पिना, फुल टँग म्हणजे पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत. एप्रिल-मे मध्ये अंगठा फिरवला तर लोखंडाची कड लाकडाच्या किंचित वर जाणवत होती, केसभर. जुलैत तीच कड गायब, लाकूड फुगून बरोबरीला आलं. हा दोष नाही, लाकूड ते लाकूडच. ज्यांना चालत नसेल त्यांनी मायकार्टा (रेझिनमध्ये दाबलेलं कापड) घ्यावा, पण तो हाताला मला प्लॅस्टिकच वाटतो. जवसाचं तेल दोनदा पाजलं तेव्हापासून हे चढउतार कमी झालेत.

म्यानाचं रडगाणं आता. चामडं दिसायला छान, पण कडेला दोन पदरांच्या मधे जी चामड्याची पट्टी घालतात ती घातलीच नव्हती. त्यामुळे चाकू आत टाकताना धार थेट शिवणीवर. दिवाळीच्या आतच खालचे टाके कापले गेले आणि हरिहर उतरताना टोक बाहेर डोकावत होतं. त्या पायऱ्यांवर कमरेला उघडं टोक घेऊन पाठमोरं उतरायचं म्हणजे काय ते ज्यांनी उतरलंय त्यांना कळेल. बनवणाऱ्याला फोटो पाठवला, त्याचं म्हणणं म्यान तो बाहेरून करून घेतो. असेल, पण पैसे तुला दिलेत ना बाबा. शेवटी भद्रकालीत चपला शिवणाऱ्या काकांकडून मधे जाड पट्टी घालून नव्याने शिवून घेतलं, ते अजून टिकून आहे. आणि चाकू कायम म्यानात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं, पावसाळ्यात दोन दिवसात पात्यावर ठिपके. घरी आलो की मी चाकू वेगळा, म्यान वेगळं ठेवतो.

धार लावायला सायकलवाल्याकडे देऊ नका ही अजून एक सूचना. कोरड्या चाकावर धार तापते, निळी झाली म्हणजे तीनशेच्या आसपास गेली, आणि आपलं टेंपरिंग दोनशेचं. तेवढी धार मऊ पडली, परत पातळ घासून तो भाग काढल्याशिवाय टिकणार नाही. स्वयंपाकघरातल्या सुरीला चालतं, ह्याला नाही.

कायद्याचं बरेच जण विचारतात. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, शेती आणि घरकामाची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. माझा साडेचार इंच, म्हणजे बराच आत. पण शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश अधूनमधून निघतच असतात, पेपरात येतात, तेव्हा हत्यार जवळ बाळगायलाच बंदी असते, इंच कोणी मोजत बसत नाही. त्यात सिंहस्थ तोंडावर आला की बंदोबस्त वाढणार. कमरेला चाकू लटकवून सीबीएस बसस्थानकाला किंवा रविवार कारंजाला हिरो बनून फिरू नका. मी मळ्यात जाताना डिकीत, गुंडाळून, आणि ट्रेकला बॅगेच्या तळाशी.

मग घ्यावा का? शेतात किंवा डोंगरात हात रोज चालत असेल आणि पुसून ठेवायचा कंटाळा नसेल तर घ्या. वर्षातून दोन ट्रेक असतील तर हजार-बाराशेचा चांगला स्टेनलेस घ्या, बाकीच्या पैशात बूट येतील. धाकट्या भावाने परवाच त्याच मुलाकडे ऑर्डर टाकलीय, पातं साडेतीन इंच, ईएन ३१ च, पाठ मुठीकडे आधीच गोल, आणि म्यान नको म्हणून पैसे कमी करून घेतले. तारीख विचारली तर दीड महिना म्हणाला.